मूळचे चोडणचे, घर डिचोलीत: वंशावळ मंडळाकडे जायच्या आधी काय काय जमवू?

मयेची_नात

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, वाचून घ्या.

आमचं घर डिचोली तालुक्यात, मयेच्या बाजूला. कुळदैवत माशेलचं देवकीकृष्ण. घरात लहानपणापासून ऐकत आलोय की आपण मूळचे चोडणचे, म्हणजे तिसवाडीतल्या त्या बेटावरचे, पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा देव उचलून पाणी ओलांडून मयेला आले, पुढे देव माशेलला गेला आणि आपले लोक इथेच राहिले. देवाचा प्रवास असाच झाला हे सगळीकडे लिहिलेलं आहे, पण त्यात आमचं घराणं होतं का, की नंतर कधीतरी आलेल्या लोकांनी देवाची गोष्ट आपलीच म्हणून सांगायला घेतली, हे मला जाणून घ्यायचंय. बाबा गेल्या वर्षी वारले, आता विचारायला पिढीतलं एकच माणूस उरलंय, ते म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. तिचं वय नव्वदीच्या पुढे पण बोलणं एकदम स्वच्छ.

हातात काय आहे तर आजोबांच्या जन्माचा एक पोर्तुगीज कागद, त्यात आडनावाच्या जागी सिनाय असं काहीतरी आहे आणि आम्ही तर गावावरून आडनाव लावतो. मग कापडात बांधलेला मोडी कागदांचा एक गठ्ठा, तो कोणालाच वाचता येत नाही, पेट्रोमॅक्सच्या खोक्यात पडून होता, कडा वाळवीने खाल्ल्यात. आणि मुंबईच्या चुलतभावाने कोणाकडून तरी पैसे देऊन आणलेली एक छापील वंशावळ, ती थेट गौड देशापर्यंत, म्हणजे पार बंगालपर्यंत जाते, मध्ये एकही पिढी गळलेली नाही.

आमच्या भागात काही निवृत्त मास्तर, एक वकील, एक-दोन कॉलेजची मुलं असं मिळून मंडळ चालवतात, लोकांना घराण्याचा इतिहास शोधायला मदत करतात, पैसे घेत नाहीत. त्यांच्याकडे जायचं ठरवलंय पण रिकाम्या हाताने गेले तर त्यांचाही वेळ जाणार. कोणी अशा मंडळाची मदत घेतलीय का? काय घेऊन जाऊ, आणि चोडणपर्यंत पोचता येतं का खरंच?

---

जुनी_काबिजाद

ताई, मी बार्देशात अशाच एका मंडळात बसतो म्हणून सविस्तर लिहितो.

कागद बाजूला ठेवा, आधी आज्जीकडे जा, या आठवड्यात जा. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून शेजारी ठेवा आणि तिला पूर्वजांची नावं विचारूच नका, नावं विचारली की माणूस दडपणाखाली येतो आणि दोन पिढ्यांनंतर अडतो. तिला विचारा की लहानपणी चवथीला गणपती कुणाच्या घरात बसायचा आणि तिथे कोण कोण यायचं. आपल्याकडे कितीतरी घराण्यांत अजून एकच गणपती असतो, मूळ घरात, आणि सगळे भाऊबंद तिथे जमतात, पाळी लावतात. म्हणजे तुमची अर्धी वंशावळ दरवर्षी माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या चौकटीखाली, बसलेली असते. मग विचारा की सुतक कुणाकुणाचं पाळायचे, दहा दिवसांचं कुणाचं आणि तीन दिवसांचं कुणाचं. एखाद्या लांबच्या गावातल्या घराचं दहा दिवसांचं सुतक तुम्ही पाळत असाल तर ते घर तुमच्या पुरुषवंशातलंच, आडनाव काहीही असो. आमच्याकडे येणाऱ्यांना आम्ही हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो आणि निम्म्या वेळा तिथेच एक हरवलेली शाखा सापडते. मुली कुठल्या गावांत दिल्या, सुना कुठून आणल्या, श्राद्धाला भटजी कुठल्या घरातला यायचा, हेही विचारून घ्या.

आता तो जन्माचा कागद. इथे सिव्हिल नोंदणी सगळ्यांना लागू झाली ती पोर्तुगालात १९१० ला प्रजासत्ताक आल्यानंतर, साधारण १९१४ पासून. तुमच्याकडची प्रत संक्षिप्त असेल तर रजिस्ट्रारकडे तेओर मागा, म्हणजे पुस्तकातल्या नोंदीची पूर्ण नक्कल. बहुतेक नोंदींत मुलाचे आईबाप तर असतातच, शिवाय बापाचे आईबाप आणि आईचे आईबापही, जन्मगाव आणि राहतं गाव धरून. एका कागदात तीन पिढ्या, आणि आजीच्या माहेरची माणसंसुद्धा. समासात लिहिलेलं काही असेल तर तेही उतरवून मागा, लग्न, नाव बदलणं, दुरुस्ती हे सगळं समासात जातं. डिचोलीचं पुस्तक खूप जुनं असेल तर ते पणजीला पुराभिलेख खात्याकडे गेलेलं असू शकतं. ते दप्तर १५९५ सालचं, आशियातल्या फार जुन्या दप्तरांपैकी, तिथली माणसं विचारलं तर नीट सांगतात, फक्त तारीख आणि गाव अंदाजे तरी माहीत हवं.

आडनावाचं घाबरू नका. सिनाय म्हणजे शेणवी, पोर्तुगीज कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलं. प्रभूचं पोरोबो, कामतचं कामोतीम, भटाचं बोटो असं सगळीकडे दिसेल. एकाच बापाच्या दोन मुलांची आडनावं वेगळी लागलेली मी बघितलीत, एक शेणवी राहिला आणि दुसरा शाळेत घालताना गावाचं नाव लावून आला. म्हणून शोधताना एकाच आडनावाला धरून बसायचं नाही, नाव आणि बापाचं नाव आणि गाव असं तिन्ही जुळतंय का बघायचं.

आणि आता मुख्य गोष्ट, जी आम्ही प्रत्येकाला सांगतो. गोव्यात कागद हक्काच्या मागे जातो. जिथे जमिनीचा, देवळाचा, गावकारीचा (म्हणजे गावच्या मूळ घराण्यांचा) हक्क होता तिथे नाव लिहिलं गेलं, उगाच कोणी कुणाचं नाव लिहून ठेवलं नाही. तेव्हा आपल्या माणसांना कुठे कुठे हक्क होता ते आधी शोधा, नाव तिथे मिळेल.

तुमच्या बाबतीत पहिला हक्क देवळाचा. माशेलला तुमच्या घरातलं कोणी महाजन, म्हणजे देवळाचा वंशपरंपरेने हक्कदार, आहे का? १९३३ च्या माझानी कायद्याखाली देवस्थानांच्या महाजनांची यादी, कातालोग म्हणतात तो, ठेवली जाते, आणि त्यात नाव घालायचं तर अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू असं सिद्ध करावं लागतं. मामलेदार हा तालुक्यातल्या देवस्थानांचा प्रशासक असतो, त्यामुळे देवळाच्या समितीकडे विचारा आणि तिथे नाही मिळालं तर मामलेदार कचेरीत. तुमच्या पणजोबांनी अर्ज केला असेल तर त्या अर्जाला जोडलेले कागद म्हणजे सोनं आहे.

दुसरा हक्क चोडणच्या कोमुनिदादीचा, म्हणजे गावकारांच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा. गावकार हा वंशाने होतो, राहण्याने होत नाही, माणूस मुंबईला गेला तरी त्याचं जोण, म्हणजे कोमुनिदादीच्या उत्पन्नातला वाटा, बुडत नाही. तुमचे लोक चोडणचे गावकार असतील तर वांगडाच्या, म्हणजे गावकारांच्या कुळीच्या, नोंदीत कुठेतरी धागा असायला हवा. पण इथे एक अडचण समजून घ्या. तिसवाडीतली देवळं १५४० च्या सुमारास पाडली गेली आणि त्यानंतर निघून गेलेल्यांच्या जमिनी जप्त झाल्या, म्हणजे हक्कच संपला, आणि हक्क संपला की कागद संपला. डिचोली तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हतीच, ती आली १७८० च्या दशकात, त्याआधी सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल. म्हणजे चोडण सोडल्यापासून पुढची दोनशे-अडीचशे वर्षं पोर्तुगीज दप्तरात तुमच्या घराचं नाव मिळण्याची आशा फार कमी. त्या काळातलं काही असेल तर मोडीत असेल, आणि कदाचित तुमच्या त्या गठ्ठ्यातच असेल.

म्हणून चुलतभावाच्या छापील वंशावळीला एवढंच विचारा, १५४० ते १७८० मधली ही नावं कुठल्या कागदातली? उत्तर मिळालं तर आम्हालाही दाखवा. नाही मिळालं तर पणजोबांच्या वरची सगळी नावं पेन्सिलीने लिहिलीयत असं समजून चाला.

---

कचेरीतला_मनुष्य

वरचं सगळं बरोबर आहे, मी फक्त एक भर घालतो कारण ही गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. मी म्हापशाला वकिलाच्या ऑफिसात काम करतो, जुन्या इन्व्हेंटरीच्या फायली रोज हाताखालून जातात.

आपल्याकडे १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड लागू झाला, त्यात माणूस मेला की वारसांची आणि मालमत्तेची इन्व्हेंटरी कोर्टात व्हायची. एकजण काबेसा द काझाल व्हायचा, म्हणजे घरातर्फे शपथेवर सांगणारा, आणि तो पहिल्या जबानीत कोण कधी वारला, बायको कोण, मुलं किती, कोणाचं लग्न कोणाशी झालंय, कोण कुठे राहतो हे सगळं सांगायचा. आणि महत्त्वाचं म्हणजे मुलींनाही वाटा असल्यामुळे मुलींची नावं असतात, सासरच्या नावासकट, जावयाच्या नावासकट. बाकीच्या कागदांत पणजोबांच्या बहिणी सहसा सापडत नाहीत, इथे सापडतात. एखादा मुलगा आफ्रिकेला किंवा कराचीला गेलेला असेल तर तेही लिहिलेलं असतं, कारण त्याला नोटीस कुठे पाठवायची हे कोर्टाला कळायला हवं.

ज्या घराला भाट (नारळांची बाग), शेत, कुळागर (पोफळीची बाग) काहीतरी होतं त्यांच्याकडे बहुतेक कधी ना कधी इन्व्हेंटरी झालेली असते. घरात जुन्या विक्रीपत्रावर नंबर असेल तर तो टिपून घ्या, त्यावरून फाईल शोधणं खूपच सोपं जातं. बहिणींची हक्कसोड पत्रं नोटरीकडे असतात, तीही बघा, बहिणीने हक्क सोडला म्हणून तरी तिचं नाव राहिलं.

ताई मंडळाकडे जाताना मूळ कागद नेऊ नका. फोटो काढा, उजेडात, सपाट ठेवून, मागची बाजूही. मूळ कागद घरी.

---

कुंकळ्ळीचो

आमच्याकडे बारा वांगड आहेत आणि देवी फातर्प्याला गेली तरी शिगम्यात देवीबरोबर बारा सत्र्या, म्हणजे छत्र्या, कुंकळ्ळीला येतात, एका वांगडाची एक सत्री. त्यात ख्रिश्चन झालेली घरंही आली, त्यांचा मान अजून आहे. म्हणजे चारशे वर्षांत धर्म बदलला, आडनाव बदललं, पण कोण कोणाचा हे त्या सत्रीखाली उभं राहिलं की कळतं. सांगायचा मुद्दा, चोडणमध्ये तुमचे भाऊबंद शोधताना फक्त हिंदू घरं बघू नका. एक भाऊ देव घेऊन गेला आणि दुसरा जमीन सांभाळायला राहिला आणि बाप्तिस्मा घेतला असं झालेलं आहे बऱ्याच ठिकाणी. चोडणच्या चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं हा वेगळा रस्ता आहे आणि त्यात गावकार असेल तर तसं लिहिलेलं मिळू शकतं. फादरना जाऊन नीट विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत.

---

दिवजां

मला एक गोष्ट मनापासून सांगायचीय, जुनी_काबिजाद काकांनी हक्काच्या मागे जा म्हटलं ते खरंच आहे, पण मग ज्यांना हक्कच नव्हता त्यांनी कुठे जायचं?

माझ्या आईकडचं घराणं देवळाच्या सेवेतलं. महाजनांच्या कातालोगात आमचं नाव नाही आणि असणारही नाही, ती यादी पुरुषवंशाची. कोमुनिदादीत नाही. माझ्या आजीच्या जन्माच्या नोंदीत बापाची जागा रिकामी आहे. मी शोध सुरू केला तेव्हा मला कितीजणांनी सांगितलं की कशाला उकरतेस, पण मला उकरायचंच होतं, कारण माझी पणजी गाणारी होती आणि तिचं गाणं ऐकलेली माणसं मी लहानपणी बघितलीयत, आणि अशा बाईचं नाव कुठे लिहिलेलंच नसावं हे मला सहन होत नव्हतं.

तर सापडलं ते देवळाच्या जमाखर्चात. मोडीतल्या वह्या, उत्सवाला कोणाला काय दिलं, तेल किती, नारळ किती, आणि त्यात सेवेकऱ्यांना दिलेलं भात आणि वस्त्र, नावासकट. वर्षानुवर्षं तेच नाव येतं, मग एका वर्षी ते नाव जातं आणि त्याच सेवेवर दुसरं नाव येतं, ती मुलगी. म्हणजे आईकडून मुलीकडे गेलेली वंशावळ, जी कुठल्याच सरकारी रजिस्टरात नाही, ती तेलाच्या हिशोबात आहे. सेवेसाठी दिलेली नमशीची जमीन असेल तर तिचाही माग काढता येतो.

हे मला मंडळातल्या एका जुन्या बाईंनी दाखवलं, त्यांनी स्वतः मोडी शिकून घेतलंय. पण त्याच मंडळात आधी मला एक कोरा तक्ता दिला होता भरायला, त्यात वर आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा असे चौकोन, आणि बायकांना चौकोनच नाही. मी तिथल्यातिथे सांगितलं की हा तक्ता बदला, आणि बदलला त्यांनी, ही मोठी गोष्ट. तेव्हा ताई तुम्हीही जाल तेव्हा आज्जीचं, पणजीचं माहेर धरून तक्ता मागा. मुंडकार म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या भाटात घर करून, राहिलेली घरं, कुणबी-गावडा घरं यांनाही हेच लागू आहे. त्यांचं नाव भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, वहीत मिळेल, स्वतःच्या वहीत नाही, म्हणून भाटकारांनी आपल्या जुन्या वह्या जाळू नयेत, टाकू नयेत अशी माझी हात जोडून विनंती आहे, त्यात फक्त तुमचं घर नसतं, आजूबाजूच्या दहा घरांचा इतिहास असतो.

---

जुनी_काबिजाद

दिवजां, अगदी बरोबर बोललात आणि हे मी लिहायला हवंच होतं. आमचा तक्ता आता दोन्ही बाजूंचा आहे. तुमच्या पणजीबद्दलच्या वह्यांचे फोटो देवळाच्या परवानगीने कुठेतरी कायमचे जमा करा. पर्वरीला झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेत म्हामाय कामत या व्यापारी घराण्यातले कागद असेच ठेवलेले आहेत, एका घराने दिले म्हणून आज अभ्यासकांना अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला व्यापार वाचता येतो.

---

मयेची_नात

सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरें करूं. काल आज्जीकडे जाऊन आले. सुतकाचा प्रश्न विचारला आणि ती लगेच म्हणाली की नार्व्याच्या एका घराचं आम्ही दहा दिवस पाळायचो, पण त्यांचं आडनाव वेगळं, आणि का पाळतो ते कोणी सांगितलं नाही. आमच्या बाबांनाही हे माहीत नव्हतं बहुतेक. आणि गणपती तिच्या लहानपणी आमच्या घरी बसायचाच नाही म्हणे, त्याच नार्व्याच्या घरी जायचे सगळे, मग काहीतरी भांडण झालं आणि इकडे वेगळा बसवला. तिने तिच्या आईचं माहेरही सांगितलं, पेडण्याचं, तेही लिहून घेतलं, तिच्या आईच्या आईचं नावही.

दोन शंका आहेत. मोडी गठ्ठ्याचं काय करू, मंडळात वाचणारं कोणी असेल का? आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत नावं असतात म्हणतात, तिथे जाऊन उपयोग होईल का?

---

बोरूवाला

मोडीचं मी सांगतो. गठ्ठा उलगडायची घाई करू नका, पावसाळ्यात तर मुळीच नको, ओलसर हवेत चिकटलेला कागद ओढला की गेला. कोरड्या दिवसात, एकेक करून, मऊ ब्रशने धूळ काढा, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. प्रत्येक कागदाला वेगळ्या चिठ्ठीवर नंबर द्या आणि ज्या क्रमाने बांधला होता तो क्रम मोडू नका, कारण मोडी कागदाला तारीख नसली तरी शेजारच्या कागदावरून काळ लागतो. वर श्री आणि खाली मोर्तब, म्हणजे शिक्का, असेल तो आधी वाचायला द्या. घरातले कागद बहुतेक कर्जरोखे, खंडाच्या पावत्या, वाटणीपत्रं असतात, त्यातलं वाटणीपत्र तुमच्या कामाचं, त्यात भाऊ कोण आणि कोणाचा वाटा कुठला हे स्वच्छ असतं. नार्व्याच्या घराशी भांडण झालं म्हणता तर वाटणी झालीच असणार, त्या वाटणीचा कागद दोन्ही घरांत असायला हवा, तुमच्याकडचा वाळवीने खाल्ला असला तरी त्यांच्याकडचा वाचला असेल.

वाचणारं कोणी नाही मिळालं तर स्वतः शिका. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतं. रोज थोडं वाचलं तर हिशोबाचे कागद लागायला लागतात, कारण तेच तेच शब्द परत येतात. एक सावधगिरी, कोमुनिदादीचे आणखी जुने कागद कधी गोंयकानडी लिपीत असतात, ती मोडी नव्हे, ती वाचणारे फार थोडे, तशी अक्षरं दिसली तर लगेच पुराभिलेखवाल्यांना दाखवा.

त्र्यंबकेश्वरला जरूर जा, गोव्यातली कितीतरी घरं श्राद्धविधीला तिकडे आणि गोकर्णाला जायची. पण तिथे आत्ताचं आडनाव आणि डिचोली सांगून थांबू नका. उपाध्यांच्या वह्या जात, आडनाव आणि मूळ गाव यावर लावलेल्या असतात. शेणवी सांगा, चोडण सांगा, मये सांगा आणि नार्वेही सांगा, चारही बघायला लावा. तिथे पूर्वजाने स्वतःच्या हाताने लिहिलेला लेख असतो, अमक्याचा मुलगा, अमक्याचा नातू, भाऊ अमुक, आणि त्यात आपलं गाव तो स्वतः सांगतो. तुमच्या खापरपणजोबांनी तिथे चोडण लिहिलं असेल तर निदान तेव्हापासून घरात ही आठवण होती हे नक्की झालं.

---

जुनी_काबिजाद

आणि ताई, नार्व्याच्या घरी जाताना वंशावळ मागायला म्हणून जाऊ नका, भांडण होऊन वेगळा गणपती बसलाय. आज्जीला बरोबर न्या, तिला चालत असेल तर. ती त्या घरात लहानपणी चवथीला गेलीय, तिला दारात बघितल्यावर बोलणं आपोआप सुरू होईल. जिवंत माणसांची नावं आणि जन्मतारखा इथे टाकू नका, मंडळाच्या तक्त्यात घालतानाही त्या त्या माणसाला विचारून घाला. मंडळात जाताना रेकॉर्डिंग, तेओरचा अर्ज केल्याची पावती आणि गठ्ठ्यातल्या वरच्या काही कागदांचे फोटो एवढं न्या, सुरुवातीला पुष्कळ झालं.